माहेरकोन

चपला तिकडं मोहाच्या झाडाखाली काढून ठेवा जी. हो सर, तुम्ही पण. इथून पुढं या वळणावर कोणी चपला घालून चढत नाही. मागं मोठे साहेब आले होते, त्यांनी पण काढल्या आणि मोजे हातात धरून फिरले.

आता पाळ बघा, तलावाचा हा मातीचा बांध. सांडव्यापासून गावदेवी मातामायच्या ठाण्यापर्यंत तलावाची सगळी पाळ सरळ आणि काळीभोर आहे. इथं वळणावर मात्र तिचं पोट पुढं आलंय, पोटुशी बाईचं येतं तसं. माती पण एका रंगाची नाही. ही लाल, ही राखट, ही पिवळी, तिकडं खाली चमकते ती नदीकाठची रेताड. झाडं बघाल तर त्याहून गंमत. आमच्या शिवारात कुठं दिसणार नाहीत अशी झुडपं इथं उगवतात. तुळशी तर इतक्या, की मोजायला बसलात तर जेवण चुकेल. त्यातली एक पण कोणी लावलेली नाही. इथं जी माती पडते ती बहुतेक तुळशीच्या बुडची असते, म्हणून त्या आपल्या आपण येतात. या जागेला आम्ही माहेरकोन म्हणतो.

ए पोरी, बस खुशाल खाली. मातीच आहे, चावत नाही. फक्त उठताना तुझी ती ओढणी झटकू नको. काहून झटकायची नाही, तेच सांगायला बसले आहे. मी दुर्पता, या मोहबोडीची सून. आले तेव्हा पोरसवदा होते, आता तोंडात दात नाहीत. ही गोष्ट मला माझ्या सासूनं याच जागी बसून सांगितली, तिला तिच्या सासूनं. मधे शहरातून एक मुलगा आला होता. तोंडासमोर मशीन धरून म्हणाला, आजी, सन सांगा. मी म्हटलं, बाप्पा, सन माहीत असता तर मी मास्तरीण नसते का झाले? गोंड राजांच्या काळची गोष्ट आहे, एवढंच घेऊन जा.

त्या काळी इथं सगळं जंगल होतं म्हणे. सागवान, येन, बांबू, आणि मधून वाहणारा एक नाला. त्या जंगलात उदेभान कोहळी आपली माणसं घेऊन आला. कोहळी म्हणजे तलाव बांधणारे लोक. आमच्या भागात जुने तलाव दिसतात ते बहुतेक त्यांच्या हातचे. पाणी कुठं अडेल ते त्यांना नुसतं शिवार फिरून कळायचं, असं सांगतात. राजाचा तेव्हा शब्द होता, की जो जंगल साफ करून तलाव बांधील, त्या तलावाखालची जमीन त्याची.

पण उदेभान नुसत्या जमिनीसाठी आला नव्हता. तो दुखावून आला होता. याआधी त्यानं दुसरीकडं एक तलाव बांधला होता. तेव्हा शेजारचं आंबेझरी गाव मदतीला आलं. त्यांनी पण पाळीवर टोपल्या टाकल्या, सोबत जेवले, सोबत गाणी म्हटली. उदेभानला बायको पण त्याच गावची मिळाली, पारबता तिचं नाव. मग तलाव भरला आणि आंबेझरीवाले म्हणाले, पाळीत आमची माती आहे, म्हणजे पाणी पण आमचं. भांडण झालं, लाठ्या निघाल्या, आणि ज्यानं तलाव बांधला त्यालाच तिथून उठावं लागलं. आपल्या हातानं भरलेल्या तलावाकडं पाठ करून बैलबंडीत बसायचं म्हणजे काय, ते ज्याचं त्यालाच ठाऊक.

म्हणून इथं पहिलं टोपलं टाकायच्या आधी त्यानं मातामायसमोर शपथ घेतली. या पाळीवर पडेल ती माती याच शिवाराची, लागेल तो हात याच गावचा. परक्या गावच्या मातीचा कण पण इथं येणार नाही, आला तर पाळ माझ्या डोक्यावर फुटो. सगळ्यांनी माना हलवल्या. पारबता मागं बायांत उभी होती. तिला कोणी विचारलं नाही आणि ती काही बोलली नाही.

शपथ नुसती बोलून सुटली असती तर बरं होतं. पण माणूस एकदा धास्तावला की त्याला जिकडंतिकडं तेच दिसतं. उदेभाननं शिवेवर एक सपाट दगड मांडला. बाहेरून जो कोणी येईल त्याचे पाय त्या दगडावर धुवायचे, मगच आत घ्यायचं. नवरी असली तर पाय धुवायचेच, शिवाय पदर झटकायचा, ओटी झटकायची, नखं पण काडीनं साफ करायची. बाहेरच्यांना वाटायचं, काय मान आहे बापा सुनेचा या गावात, पाय धुऊन घरात घेतात. मान कसला जी, भीती होती ती. पोर आईला सोडून आलेली, डोळे रडून सुजलेले, आणि सासरचा उंबरठा लागायच्या आधीच तिच्या अंगावरची माहेरची धूळ काढून घ्यायची. मला तर ते ऐकूनच कसंतरी होतं.

पाळ झाली. चांगली भक्कम झाली. आणि पहिल्याच पावसाळ्यात या वळणावर फुटली.

पुन्हा बांधली, पुन्हा फुटली. दरसाल तेच. आमची माती कन्हार, काळी कुळकुळीत. धानासाठी सोनं आहे ते, पण उन्हाळ्यात अशी तडकते की भेगेत कोपरापर्यंत हात जातो. नुसत्या कन्हारीची पाळ वाळली की भेगाळायची, आणि वळणावर पाण्याचा जोर जास्त. एक इंजिनियर साहेब इथं बसून मला म्हणाले, आजी, त्यात मुरूम आणि रेताड माती मिसळायला पाहिजे होती. मी म्हटलं, साहेब, बरोबर बोललात. उदेभानला पण ते ठाऊक होतं, पिढीजात तलाववाला तो. पण मुरूम होता नदीपलीकडच्या गावांत, आणि मधे शपथ आडवी पडली होती. पाळ फुटली की पाणी जायचं, पाण्यासोबत रोवलेलं धान जायचं, आणि लोक मोहफुलं नि कंद खाऊन वर्ष काढायचे. दर पावसाळ्यानंतर एखादं घर बंडी भरून निघून जायचं. गाव असं हळूहळू रिकामं होत चाललं होतं.

अशा गावात भिवरा सून होऊन आली. उदेभानच्या धाकट्या पोराची, डोमाची बायको. तिचं माहेर नदीपलीकडचं चिचटोला, लाल मातीचं, डोंगराच्या पायथ्याचं. मोहबोडीत नवरीचं काय काय झटकतात ते तिच्या आईच्या कानावर आलेलं होतं. निघायच्या दिवशी त्या माउलीनं अंगणातल्या तुळशीच्या बुडची माती घेतली, पाण्याचा हात लावून तिचा लाडवाएवढा गोळा वळला, आणि सावलीत वाळवला. मग लेकीला पुढ्यात बसवून तिचे केस विंचरले, आणि अंबाडा घालताना तो गोळा अंबाड्याच्या आत बसवून टाकला. म्हणाली म्हणे, "करमलं नाही तर वास घे, माय."

शिवेवर भिवराचे पाय धुतले, पदर झटकला, ओटी झटकली. अंबाडा सोडून बघायचं कोणाला सुचलं नाही.

पोर होती ती. नवरा चांगला, सासू जाच करणारी नाही, तरी तिला करमेना. दुपारी कामं आटोपली की ती इथं यायची, याच वळणावर. इथून चिचटोल्याचा डोंगर दिसतो. तो बघा, बैलाच्या वशिंडासारखा, निळा. ती डोंगराकडं बघत बसायची, गोळा नाकाशी धरायची आणि रडायची. मन हलकं झालं की गोळा पुन्हा अंबाड्यात ठेवायची, तोंड धुवायची आणि घरी जाऊन चूल पेटवायची. कोणाला त्रास देत नव्हती, कोणाकडं गाऱ्हाणं नेत नव्हती.

पण गाव ते गाव. कोणीतरी तिला रडताना पाहिलं, आणि त्या साली पण पाळ इथंच फुटली. झालं! लोक म्हणायला लागले, ही सून पाळीवर बसून टिपं गाळते, आणि टिपं पडतात तिथंच पाळ फुटते. अरे बाबांनो, ती यायच्या आधी कोण रडत होतं मग? पण असं विचारायला डोकं लागतं, आणि उपाशीपोटी डोकं चालत नाही. गोष्ट उदेभानपर्यंत गेली. त्यानं सुनेला पाळीवर पाय ठेवायची बंदी केली. आणि साऱ्या गावादेखत सांगून टाकलं, की येत्या पावसात पाळ फुटली तर हिला माहेरी पोचवून देऊ, कायमची.

आता तुम्ही म्हणाल, तिला तर माहेरीच जायचं होतं. तसं नसतं पोरींनो. माहेरी जायचं ते चार दिवसांची पाहुणी होऊन, टाकलेली होऊन नाही. शिवाय डोमावर तिचा जीव जडला होता. रोवणीच्या दिवसांत गुडघाभर चिखलात सासूच्या शेजारी वाकून तिनं इथल्या बांध्यांत, म्हणजे धानाच्या खाचरांत, धान रोवलं होतं. हळूहळू ती इथली होत होती, आणि नेमकी तेव्हाच तिला काढून टाकायची गोष्ट निघाली. त्या दिवसापासून तिचं डोंगराकडं बघणं सुटलं. ती घराच्या दारात उभी राहून पाळीकडं बघायची.

पाऊस आला तो पोळ्याच्या सुमारास. उघडीप म्हणून नाही. बांध्यांतलं धान पोटरीवर आलेलं, तलाव काठोकाठ भरलेला. एका दुपारी या वळणावर आधी नुसती ओल दिसली, मग बोटभर धार, मग हात जाईल एवढं भोक. सारं गाव टोपल्या घेऊन धावलं. काळी माती टाकायची आणि पाण्यानं ती विरघळवून न्यायची. पुन्हा टाकायची, पुन्हा न्यायची. पुरुष दमले, बाया दमल्या. साऱ्यांना ठाऊक होतं की आज पाळ गेली तर गाव गेलं. या वेळी एका घराची बंडी निघणार नव्हती, साऱ्या गावाच्या निघणार होत्या.

तेव्हा बंदी मोडून भिवरा पाळीवर आली. तिला बघून लोकांनी तोंडं फिरवली. ती भोकापाशी गुडघे टेकून बसली, अंबाड्यात हात घातला, केस सुटून पाठीवर आले, आणि तो गोळा तिनं भोकात दाबला. काळ्या चिखलात लाल माती लपते का? टोपल्या जागच्या जागी थांबल्या.

उदेभाननं विचारलं, "ही माती कुठली?"

"माझ्या आईच्या अंगणातली, मामाजी," भिवरा म्हणाली. "माझ्याजवळ तिचं एवढंच होतं. मला ठेवा नाही तर पाठवा, पण पाळ राहू द्या. हे धान मी पण रोवलंय."

उदेभानच्या कानात त्यातलं काही शिरलं नाही. त्याला फक्त लाल रंग दिसत होता. जे होऊ नये म्हणून त्यानं जन्म घालवला, ते त्याच्याच घरातून, त्याच्याच सुनेच्या डोक्यावरून आलं होतं. त्यानं डोमाला फर्मावलं, काढ ती माती आणि हात धुऊन टाक. डोमानं बापाचा शब्द आजवर कधी खाली पडू दिला नव्हता. त्या दिवशी तो बायकोच्या शेजारी जाऊन बसला. मला तो डोमा फार आवडतो. गोष्टीत त्याचं काम एवढंच, पण वेळेवर केलं त्यानं.

मग उदेभान स्वतःच वाकला. तेवढ्यात गर्दीतून दुसऱ्या घरची एक सून पुढं आली. तिनं कमरेची चंची सोडली. सुपारी असायची तिथं पिवळी माती होती. ती तिनं भोकात टाकली आणि खाली मान घालून बाजूला उभी राहिली. मग एक घराकडं धावली, तिनं चुलीमागं पुरलेलं मडकं उकरून आणलं. मग आणखी एक. कोणी कणगीच्या तळातून आणली, कोणी उशीच्या कापसातून, एकीनं तर बाळाच्या गळ्यातला ताईत फोडला. कळलं का पोरींनो? एकजात साऱ्या सुनांनी माती आणली होती, आणि प्रत्येकीला वाटत होतं की चोर काय ती आपण एकटी. शेजारी बसून दळलं, शेजारी बसून कांडलं, पण एकीनं दुसरीला कधी सांगितलं नाही. पुरुष बघतच राहिले. ज्या घरात आपण जेवतो, निजतो, त्या घरात हे होतं आणि आपल्याला पत्ता नाही.

सगळ्यांत शेवटी पारबता आली, उदेभानची बायको.

म्हातारी झाली होती तेव्हा. तिच्या हातात एक रंग उडालेली चिंधी होती, आणि चिंधीत मातीचा खडा. दगडासारखा वाळलेला, हाताळून हाताळून गुळगुळीत झालेला, राखट रंगाचा. उदेभाननं तो बघितला आणि ओळखला. न ओळखायला काय झालं? त्या रंगाच्या मातीची पाळ त्यानं स्वतः बांधली होती. ती आंबेझरीची माती होती. ज्यांनी त्याला त्याच्या तलावावरून उठवलं त्यांच्या गावची, आणि त्याच्या बायकोच्या आईच्या अंगणातली. म्हणजे तो इथं शपथ घेत होता तेव्हाच ती माती बायांच्या रांगेत उभी होती.

उदेभान एवढंच म्हणाला, "मला कधी सांगितलं नाहीस."

"सांगितलं असतं तर धुऊन टाकली असती तुम्ही," पारबता म्हणाली.

माझी सासू इथपर्यंत आली की जरा थांबायची. मी पण थांबते. रागानं बोलली नव्हती ती. त्याच्यासोबत बंडीत बसून आली, त्याची पोरं वाढवली, त्याचं दुःख आपलं म्हणून वाहिलं. त्याच्या दुःखापुढं स्वतःचं दुःख मांडायला तिला जागाच मिळाली नाही. त्याचा तलाव गेला ते साऱ्यांना दिसलं, तिचं माहेर गेलं ते कोणाला दिसलं नाही. त्या भांडणानंतर ती एकदा पण आंबेझरीला गेली नव्हती. आई वारली तेव्हा पण नाही.

उदेभान चिखलातच खाली बसला. बायकोच्या हातातला खडा त्यानं घेतला. लोकांना वाटलं, आता हा फेकतो तलावात. त्यानं तो कपाळाला लावला. म्हणाला, "शपथ माझी होती. मोडतो पण मीच." आणि आपल्या हातानं आंबेझरीची माती या पाळीत घातली. पाळ काही त्याच्या डोक्यावर फुटली नाही.

आता मूठमूठ मातीनं तलावाचं पाणी थांबतं का? मला पण पटत नाही. सांगतात ते असं, की मग साऱ्या सुना त्या भोकाच्या तोंडाशी खांद्याला खांदा लावून बसल्या, पाण्याकडं पाठ करून, मधे पारबता आणि तिला धरून भिवरा. त्यांच्या पाठींवर पाण्याचा जोर मोडला, आणि पुढून पुरुषांनी बांबूचे तट्टे ठोकून माती दाबून दाबून भरली. मग एकेकीला हात देऊन वर घेतलं. कोणी म्हणतं मातामायनं पाऊस आवरला. कोणी म्हणतं इतक्या गावांच्या मात्या एकमेकींना धरून बसल्या. इंजिनियर साहेबांनी बांबूच्या तट्ट्यांचं नाव घेतलं. तुम्हाला पटेल ते घ्या. दिवस मावळायच्या आत धार थांबली, आणि त्या साली गावात धान पिकलं.

पावसाळा सरला तसा उदेभाननं बंडी जुंपली. ज्या माणसानं परक्या गावचा कण येऊ दिला नाही, तो आता एकेका सुनेच्या माहेरी जाऊन दारात हात जोडायचा आणि म्हणायचा, तुमची लेक आमच्याकडं आहे, तिच्या नावानं बंडीभर माती द्या. कोणीच नाही म्हटलं नाही. चिचटोल्याला भिवराच्या आईनं तर अंगणच खणायला काढलं म्हणे. तिला आवरावं लागलं.

सगळ्यांत शेवटी तो आंबेझरीला गेला, पारबताला बंडीत बसवून. वाट जुन्या तलावावरून जात होती. तो तिथं थांबला, पाण्याकडं बघितलं, आणि मग बैल हाकले. पारबताचा भाऊ अंगणात बसला होता. त्याचे पण केस पांढरे झालेले. त्या भांडणात लाठी त्यानंच पहिली उचलली होती. कोणी कोणाची माफी मागितली का, ते गोष्टीत नाही. भाऊ उठला, आतून कुदळ आणली, आणि दोघे म्हातारे मिळून बंडी भरत राहिले, एवढं आहे. पारबता आईच्या तुळशीपाशी बसून पोटभर रडली आणि तिला कोणी उठवलं नाही.

ती सारी माती इथं पडली. म्हणून हे पोट. लाल, राखट, पिवळी, रेताड, सगळी एकमेकींत मुरली, आणि त्यानंतर या कोपऱ्यानं कधी दगा दिला नाही. शिवेवरचा पाय धुवायचा दगड उदेभाननं उखडून आणला आणि याच पाळीच्या बुडात पुरला.

आजही आमच्या मोहबोडीत नवरीचे पाय धूत नाहीत. बाकीच्या गावांत हसतात आम्हाला, हसू द्या. आमची नवरी माहेरची माती टोपलीत घेऊन येते, वाजतगाजत, साऱ्यांदेखत. घरात जायच्या आधी ती इथं येते, आणि टोपली तिचा सासरा आपल्या हातानं रिकामी करतो. सासऱ्यानंच करायची, दुसऱ्यानं नाही. मग ती तशीच मातीच्या पायांनी घरात शिरते. ती पावलं कोणी पुसत नाही, जातील तेव्हा आपली आपण जातात. आणि सून दुपारी इथं येऊन बसली तर घरात कितीही काम पडलेलं असो, तिला कोणी हाक मारत नाही. सासूच सांगते, राहू दे, ती माहेरी गेली आहे.

माझी पण आहे इथं. ती बघा, त्या सीताफळाच्या बुडाशी, भुरकट दिसते ती. माझं माहेर सावरटोला, मोठ्या नदीच्या काठचं. आता नाही ते. धरण झालं आणि गाव पाण्याखाली गेलं. घर गेलं, शाळा गेली, आईची तुळस गेली. लोकांना दूर माळावर वसाहत दिली, पत्र्याची घरं, दारावर नंबर टाकलेली. उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरतं, पण आमचं अंगण काही वर येत नाही. सावरटोल्याची कोरडी माती आता साऱ्या जगात एकाच जागी उरली आहे, या सीताफळाखाली. माझ्या सासऱ्यानं ती टोपली रिकामी केली तेव्हा मला काय ठाऊक, की मी अख्खं गाव घेऊन आले आहे.

मागच्या उन्हाळ्यात माझा भाऊ सोविंदा आला, काठी टेकत. त्याच्या नातीचं लग्न जमलं होतं, आमच्याच मोहबोडीत. आनंदाची गोष्ट, पण याचं तोंड उतरलेलं. पाणी पण घेईना. मग म्हणाला, "दुर्पता, पोरगी टोपलीत काय आणील गं? वसाहतीत तर खाणीतला मुरूम पसरलाय. कुठल्या गावचा, ते पण ठाऊक नाही."

मी त्याला हाताला धरून इथं आणलं. सीताफळाखाली बसवलं. खुरपं घेऊन सावरटोल्याची माती काढली, त्याच्या धोतराच्या सोग्यात बांधून दिली, आणि म्हटलं, दादा, ही घेऊन जा, तिच्यात तुळस लाव आणि पोरीसोबत परत पाठव. तो त्या गाठीवर हात ठेवून लहान पोरासारखा रडला. मी त्याला रडू दिलं. इथं तेच करायचं असतं.

लग्न झालं. पोरगी आली ती डोक्यावर टोपली घेऊन, वर तुळशीचं रोप डुलत होतं. तिच्या सासऱ्यानं टोपली आपल्या हातानं रिकामी केली, तिथंच, त्याच सीताफळाखाली. जिथून निघाली होती तिथं माती परत आली, पण वाजतगाजत आली, लेकीच्या डोक्यावरून आली.

परवा दुपारी मी इथं आले तर ती आधीच बसलेली होती. वसाहतीत जन्मलेली पोर, सावरटोला तिनं डोळ्यांनी कधी पाहिलं नाही. मूठभर माती नाकाशी धरून डोळे मिटून बसली होती. मी तिला हाक मारली नाही. मोहाखाली चपला काढल्या आणि तिच्या बाजूला जाऊन बसले.